भीड चेपण्यापुरती एक खोली

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी आमच्या दारावरची घंटा वाजली. दारात, आमच्या सोसायटीतले कपडे इस्त्रीला नेणाऱ्या गृहस्थांची थोरली मुलगी उभी होती. एरवी ती कपड्यांचे गाठोडे घेऊन येते, कपडे मोजून देते, पैसे मोजून घेते आणि धावत जिना उतरते. त्या दिवशी गाठोडे नव्हते. हातात एक फाईल होती आणि नजर चपलांवर.

"काका, उद्या अकरा ते बारा तुमची पुस्तकांची खोली मिळेल का? इंटरव्ह्यू आहे माझा. लॅपटॉपवर. मैत्रिणीनं तिचा लॅपटॉप दिलाय, पण घरी..."

पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही, आणि करण्याची गरजही नव्हती. सातपूरच्या अशोकनगरमधले ते घर मी पाहिले आहे. दोन खोल्या, पाच माणसे, त्यातल्या एका खोलीत वडिलांचे इस्त्रीचे टेबल आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. मुलगी बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली. पुण्याच्या एका कंपनीत बिलांची छाननी करण्याच्या कामासाठी तिने अर्ज केला होता. याआधी अशाच दोन मुलाखती तिने घरून दिल्या होत्या. पहिलीत "स्वतःविषयी सांगा" असे पलीकडून म्हणायला आणि गिरणी सुरू व्हायला एकच गाठ पडली. पलीकडच्या बाईंनी विचारले, "तुमच्याकडे काही मशीन चालू आहे का?" त्यावर घाबरून हिनेच फोन बंद केला. दुसरीत नेट गेले ते परत आलेच नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी मला आधी खोली आवरायला लावली. निवृत्त माणसाची पुस्तकांची खोली म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दार बंद झाले. आमच्या घरात पन्नास मिनिटे मिक्सर लागला नाही, कुकर लागला नाही, टीव्ही लागला नाही. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा चेहरा घामेजलेला होता, पण मान वर होती.

"कसा झाला गं?" सौभाग्यवतींनी विचारले.

"एका प्रश्नाचं उत्तर नाही आलं, काकू. मी सांगितलं, हे मला येत नाही, पण अशा अशा पद्धतीनं शोधून काढीन. आणि ते हसले नाहीत!"

ती नोकरी तिला मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण "ते हसले नाहीत" हे तिचे तीन शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेले नाहीत. हा लेख त्या तीन शब्दांवरच आहे.

*

माझी स्वतःची पहिली मुलाखत १९८२ सालची. बँकेतल्या नोकरीची लेखी परीक्षा पास झालो होतो आणि मुलाखतीला मुंबईला बोलावणे आले होते. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामगार. त्यांनी रजा टाकली, कारण मुलाने एकट्याने मुंबईला जायचे म्हणजे काय! आईने शेजारच्या काकूंकडून शंभर रुपये उसने घेतले. बूट मामांचे. ते अर्ध्या नंबराने मोठे होते म्हणून पुढे कापूस भरला. आदल्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसने निघालो, रात्री लालबागच्या चाळीत मावशीकडे उतरलो. गॅलरीत झोपलो की नुसताच पडून राहिलो, ते आठवत नाही.

मुलाखतीच्या खोलीला काचेचे दार होते. ते ढकलायचे की ओढायचे, हे मला कळेना. मी ओढत राहिलो, आतून तिघेजण पाहत राहिले, शेवटी शिपायाने येऊन ढकलले. आतल्या माणसांनी जे काही ठरवायचे ते बहुधा त्याच क्षणी ठरवले असावे. पहिला प्रश्न इंग्रजीत आला, वडील काय करतात? दुसरा आला पतपत्राविषयी, म्हणजे 'लेटर ऑफ क्रेडिट'विषयी. दुसऱ्याचे उत्तर मला पाठ होते. मराठीत तर मी ते चाळीतल्या कोणालाही समजावून सांगितले असते. पण घशाला कोरड पडली होती आणि पायांतला कापूस सरकला होता. मी काहीतरी पुटपुटलो. तिघांपैकी एक गृहस्थ हसले. त्यांच्या मनात वाईट काही नसावे, पण ते हसले खरे.

परतीच्या गाडीत वडील काही बोलले नाहीत. इगतपुरीला त्यांनी वडे घेतले, अर्धे मला दिले, आणि थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी बूट आपले घेऊ."

ती 'पुढची वेळ' यायला वर्ष लागले. दरम्यानच्या वर्षात मी दुसरी कुठलीही मुलाखत दिली नाही, कारण द्यायला मुलाखतच नव्हती. पुढे नोकरी मिळाली, बँकेत आयुष्य गेले, ते असो. पण एका अपयशाची किंमत काय पडली, याचा हिशेब बँकेतला माणूस म्हणून मला आजही करावासा वाटतो. वडिलांची दोन दिवसांची रजा, उसने शंभर रुपये, मावशीच्या घरची अडचण आणि आयुष्यातले एक वर्ष. अपयश इतके महाग असले की माणूस त्यातून शिकत नाही, तो नुसता घाबरतो. आत्मविश्वासाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, व्याख्याने होतात, पुस्तके खपतात. माझ्या मते त्यामागची गोष्ट साधी आहे. ज्याला स्वस्तात चुकता येते, त्याची भीड लवकर चेपते. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला डबा बांधतात तो याचसाठी.

*

पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसलो. नव्वदीच्या दशकात बँकेतर्फे भरतीच्या काही मुलाखतींना मला पाठवण्यात आले. त्यातली एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. सुरगाण्याकडचा एक मुलगा आला होता. लेखी परीक्षेतले गुण उत्तम. पण संपूर्ण मुलाखतभर त्याने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावरून नजर उचलली नाही. उत्तरे बरोबर होती, पण इतक्या हळू आवाजात की दोनदा विचारावी लागली. 'व्यक्तिमत्त्व' या रकान्यात मी त्याला कमी गुण दिले. त्याची निवड झाली नाही. पुढे त्याचे काय झाले, मला ठाऊक नाही. त्या रकान्यात मी नेमके काय मोजले होते, हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी पडला. त्याचे व्यक्तिमत्त्व मोजले होते, की आमच्या वातानुकूलित खोलीचा त्याच्यावर झालेला परिणाम?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांसंबंधीच्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली त्यावर स्पष्ट बोट ठेवले होते. तिथे एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण मुलाखतीला होते आणि दोन-तीन मिनिटांत एकेक उमेदवार हातावेगळा केला जात होता. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले, आणि मुलाखती ध्वनिफितीवर नोंदवून ठेवाव्यात अशी सूचनाही केली. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करण्याचा विषय काढला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या 'क' गटातल्या व 'ब' गटातल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखती थांबल्या.

खाजगी नोकऱ्यांत मात्र मुलाखत हेच मुख्य दार राहिले. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' हटकून विचारतात. मला १९८२ साली आलेला पहिला प्रश्न आठवा! मुलाखतीच्या खोलीत माणूस एकटा शिरत नाही. बापाचा धंदा, गावाचे नाव आणि उसने बूट त्याच्याबरोबर आत येतात.

*

ही खोली २०२० साली एकाएकी नाहीशी झाली. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि भरती करणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरल्या, भरती थांबवणे किंवा पडद्यावर बोलणे. लोकसेवा आयोगाने पहिली वाट धरली. नागरी सेवांच्या उरलेल्या मुलाखती पुढे ढकलल्या आणि जुलै २०२० मध्ये दिल्लीतच, समोरासमोर घेतल्या. गाड्या पुरेशा धावत नव्हत्या, म्हणून उमेदवारांना येण्याजाण्याचे विमानभाडे देऊ केले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. खाजगी कंपन्या मात्र दुसऱ्या वाटेने गेल्या, आणि साथ ओसरल्यावरही पुष्कळ जणी त्या वाटेवरून मागे फिरल्या नाहीत.

पडद्यावरची हजेरी ही खरी हजेरी मानायची की नाही, याचा निकाल आपल्याकडे आधीच लागला होता, आणि तोही महाराष्ट्र शासनाने लढवलेल्या एका खटल्यात. परदेशातल्या डॉक्टरची साक्ष दृक्‌श्राव्य यंत्रणेवरून घेता येईल, त्यासाठी साक्षीदार देहाने न्यायालयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. म्हणजे फौजदारी खटल्यातली साक्ष पडद्यावरून चालू शकत होती, पण कारकुनाच्या नोकरीसाठी मात्र देहानेच मुंबई गाठावी लागत होती.

नाशिकच्या माणसाला या बदलाची गोडी अधिक का असावी, त्यालाही कारण आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली इथेच, गंगापूर धरणाच्या अंगाला उभे राहिले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. रोजंदारीवर जाणारे, संसारात अडकलेल्या बायका, शाळा सुटलेले कामगार, अशा कितीतरी लोकांनी घरी राहून पदवी घेतली. पदवी घरी आली, पण नोकरीची मुलाखत घरी आली नाही. ती पुण्यालाच राहिली. पुणे इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आत, पण दोन शहरांना जोडणारा थेट लोहमार्ग अजूनही झालेला नाही. एका मुलाखतीला जाऊन यायचे म्हणजे एस.टी.चे जाऊन-येऊन भाडे, एक अख्खा दिवस, आणि मुलगी असेल तर सोबतीला भाऊ. ज्या घरात महिनाअखेर दोनशे रुपयेही मोजून काढावे लागतात, तिथे अशा किती मुलाखती परवडणार? दोन? तीन? त्यानंतर घरातच कोणीतरी म्हणते, "राहू दे आता."

*

आता पुन्हा आमच्या खोलीकडे येऊ. ती मुलगी त्यानंतर आणखी चार वेळा आली. दर वेळी मी तिच्यात काहीतरी वेगळे पाहिले, आणि निवृत्त माणसाला वेळ असल्यामुळे ते टिपूनही ठेवले.

दुसऱ्या वेळी तिने खुर्ची हलवली. पाठीमागे पुस्तकांचे कपाट येत होते, ते नको म्हणाली. "ही पुस्तकं माझी नाहीत काका, त्यांनी विचारलं तर?" मागे कोरी भिंत घेतली. माझ्यासारख्याला हे सुचले नसते. पूर्वी उमेदवार कंपनीच्या खोलीत जात असे, आता कंपनी उमेदवाराच्या खोलीत शिरते, आणि त्या खोलीतून पार्श्वभूमी वाचता येते. तिने ती वाचायला दिली नाही.

तिसऱ्या वेळी तिने पडद्यावरची स्वतःची चौकट बंद केली. तिला कोणी सांगितले नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली हेच लिहिले होते. पडद्यावर बोलताना थकवा का येतो, याची जी कारणे त्यांनी दिली त्यांत एक म्हणजे सतत आपलाच चेहरा पाहत राहणे. आरशासमोर बसून दिवसभर बोलायला सांगितले तर कोणाचे भान सुटणार नाही? चौकट झाकली की आपण कसे दिसतो हा प्रश्न मागे पडतो आणि समोरचा काय विचारतो, याकडे लक्ष लागते.

चौथ्या वेळी तिने पडद्याच्या वर, कॅमेऱ्याशेजारी, एक चिठ्ठी चिकटवली. तीवर उत्तरे नव्हती. "सावकाश" एवढाच शब्द होता. मुलाखतीच्या खोलीत असली चिठ्ठी नेता येत नाही. आपल्या जागी बसण्याचा हा फायदा. पायांत बूट हवेतच असे नाही, शेजारी पाण्याचा तांब्या आपला, दार ढकलायचे की ओढायचे हे ठाऊक.

सगळे गोडच आहे असे नव्हे. पडद्यावरून मुलाखत घेतली की गुण काहीसे कमीच पडतात, असे यासंबंधीचे जुने संशोधन सांगते. समोरच्याचे डोळे आपल्याकडे आहेत की मोबाईलकडे, कळत नाही. हसलेले अर्ध्या क्षणाने ऐकू येते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पलीकडे माणूसच नसणे. प्रश्न पडद्यावर उमटतो, कॅमेऱ्याकडे पाहून दोन मिनिटे बोला, संपले. अशा मुलाखतींत यंत्राकडून चेहऱ्याचे हावभाव तपासण्याचा उद्योग अमेरिकेतली हायरव्ह्यू ही कंपनी करत होती. तिने २०२१ मध्ये तो थांबवला, ते बरेच झाले. आमच्या मुलीच्या पाचांपैकी एक मुलाखत अशी यंत्रापुढची होती. त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा मात्र मान खाली होती. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं," म्हणाली. यंत्र हसत नाही हे खरे. पण ते मान डोलावत नाही, हेही तितकेच खरे.

भीड पडद्यामुळे चेपली नाही. समोर माणसे होती, त्यांनी ऐकले, चुकल्यावर ती हसली नाहीत, आणि हे एकदा नाही तर पुन्हापुन्हा घडले, म्हणून ती चेपली. पाच महिन्यांत पाच मुलाखती! खर्च किती? नेटचा, आणि आमच्याकडच्या पाच चहांचा. १९८२ साली मला एका मुलाखतीला जे पडले, त्यात तिची सगळी उमेदवारी झाली. शेवटी नोकरी मिळाली ती पुण्यात नव्हे, इथेच अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. ती मुलाखत तर पडद्यावर नव्हतीच, समोर चार माणसे बसलेली होती. "भीती नाही वाटली?" मी विचारले. ती म्हणाली, "वाटली ना. पण ही भीती ओळखीची होती."

*

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की ही सगळी कथा एका बंद होणाऱ्या दारावर उभी आहे, आणि ते दार तिचे नव्हते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. त्यानंतरची, २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, त्यामुळे तुलनेला नवा आकडा नाही. घरे वाढली असतील, पण सातपूर, अंबड, पंचवटीच्या वस्त्यांतून फिरणाऱ्याला चित्र फार पालटलेले दिसत नाही. इंटरनेटचेही तसेच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत चारांपैकी जेमतेम एका घरात इंटरनेट होते. टाळेबंदीनंतर मोबाईलमुळे ते खूप पसरले हे खरे, पण घरात एकच चांगला फोन असला तर तो कोणाच्या हाती असतो, हे कुटुंबवत्सल वाचकांना मी काय सांगू? मुलीचा क्रमांक बहुधा शेवटचा. मुलगा मुलाखत देत असला तर घर आपोआप चिडीचूप होते. मुलगी देत असली तर मधूनच हाक येते, "अगं, दूध उतू चाललंय!" घरबसल्या मुलाखत म्हणजे घरकाम चालू असताना मुलाखत, असा तिचा अर्थ होऊन बसतो.

त्यात फसवणुकीची भर पडली आहे. बँकेत आयुष्य गेल्याने याकडे माझे लक्ष लगेच जाते. पडद्यावर गोड बोलून मुलाखत घ्यायची, निवड झाली म्हणायचे आणि 'प्रशिक्षणाची अनामत' म्हणून काही हजार मागायचे, हा प्रकार आता रोजचा झाला आहे. काहींना परदेशी नोकरीच्या नावाखाली आग्नेय आशियात नेऊन तिथे इतरांना फसवण्याच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरून अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढी खूणगाठ बांधावी, की जो नोकरी देण्यासाठी पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, उशीर केला तर पैसे हाती लागणे कठीण होते.

आणि आता वारे पुन्हा उलटे वाहू लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे पडद्याआडून उत्तरे वाचून दाखवणारे उमेदवार निघाले, एकाच्या जागी दुसरा बसू लागला. कंपन्या सावध झाल्या. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी जून २०२५ मध्ये सांगितले की, मुलाखतीची निदान एक फेरी तरी आम्ही पुन्हा समोरासमोर घेणार. त्यांची अडचण मला समजते. बँकेत आम्हीही सही पडताळल्याशिवाय पैसे देत नव्हतो. पण लबाडी करणाऱ्या थोड्यांपायी सगळ्यांना पुन्हा गाडीत बसवले, तर गाडीभाडे कोण भरणार? लबाडाला ते परवडेल. अशोकनगरच्या मुलीला परवडणार नाही.

यातून वाट काढता येते. पहिल्या फेऱ्या पडद्यावरच राहू द्याव्यात. शेवटी हवे तर समोर बोलवावे आणि जायच्या-यायच्या भाड्याचा भार कंपनीने उचलावा. लोकसेवा आयोगाने २०२० मध्ये विमानभाडे देऊ केले होते. सार्वजनिक बँकांमध्येही मागासवर्गीय उमेदवारांना मुलाखतीचे रेल्वेभाडे देण्याची रीत जुनी आहे. नफ्यातल्या कंपन्यांना एस.टी.चे भाडे जड जाऊ नये. शिवाय सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत आणि गुणही ठरलेल्या कसोटीवर द्यावेत. अशी ठरीव मुलाखत माणूस पारखायला सगळ्यांत भरवशाची, असे पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ सालच्या फेरतपासणीत दिसून आले. माझ्या त्या 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यापेक्षा ते नक्कीच बरे.

राहता राहिली खोली. इथे सरकारकडे किंवा कंपन्यांकडे तोंड करून बसण्याचे कारण नाही. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्राच्या गावोगावी हजारो वाचनालये उभी राहिली आणि टिकून आहेत. पुष्कळ ठिकाणी अभ्यासिका आहेत, तिथे मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत परीक्षेची पुस्तके उघडून बसतात. त्या अभ्यासिकेत बोलायला मनाई असते, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्या एका कोपऱ्यात, जिथे बोलायची मुभा आहे अशी, दहा फूट बाय आठ फूट खोली केली तर? एक टेबल, एक खुर्ची, मागे कोरी भिंत, चांगले इंटरनेट, वीज गेल्यास तासभर चालेल असा इन्व्हर्टर आणि आतून लागणारी कडी. बाहेर वही, तीत नाव लिहायचे आणि तास घ्यायचा. नगरपालिका, सोसायट्यांची सभागृहे, कामगार कल्याण केंद्रे, ज्यांच्याकडे जागा आहे त्या सगळ्यांना हे जमण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा एखाद्या निवृत्त बँकवाल्याने, मास्तरांनी, कारखान्यातल्या अधिकाऱ्याने तिथे येऊन सरावाची मुलाखत घ्यावी. आमच्यासारख्यांकडे वेळ भरपूर असतो. अट एकच, समोरचा चुकला तर हसायचे नाही.

सुरगाण्याच्या त्या मुलाला अशी खोली मिळाली असती, चार वेळा चुकायला मिळाले असते, तर त्याने पाण्याच्या पेल्यावरून नजर उचलली असती का? मला वाटते, उचलली असती. निदान माझ्यावर त्याला कमी गुण देण्याची पाळी आली नसती.

आमच्याकडे आता दर आठवड्याला कोणी ना कोणी येते. इस्त्रीवाल्यांच्या मुलीने तिच्या मैत्रिणींना सांगितले, मैत्रिणींनी आणखी कोणाला. सौभाग्यवतींनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर "आत मुलाखत चालू आहे" असे लिहून ते खोलीच्या दाराला अडकवले आहे. त्या वेळात मी लिहायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो. हा लेख तिथेच लिहिला. मागच्या बुधवारी बारा वाजत आले तरी दार उघडले नव्हते. मी चहाचे आधण ठेवले आणि वाट पाहत बसलो.